मानवजातीचा प्लग

यारंडिला नगरपालिकेच्या त्या मंगळवारच्या सभेपुढे तीन विषय होते: सार्वजनिक शौचालयाच्या दाराची कडी, नाताळच्या दिव्यांचा रंग आणि मानवजातीचा संभाव्य विनाश. कडीवर चहापर्यंत चर्चा चालली, दिव्यांवर चहानंतर. मानवजातीचा विषय वेळेअभावी नगराध्यक्षांच्या अधिकारात निकाली काढावा, असं एकमताने ठरलं.

विषय सिडनीहून आला होता. खर्च वाचवण्यासाठी प्रत्येक पालिकेने कृत्रिम बुद्धीचं यंत्र बसवावं, असं परिपत्रक आधी निघालं. पाठोपाठ दुसरं निघालं, की असलं यंत्र मानवजातीच्या मुळावर उठण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी पालिकांनी आपापल्या पातळीवर योग्य ती खबरदारी घ्यावी. दोन्हींवर सही एकाच साहेबांची होती. खबरदारी म्हणून, यंत्र कोणत्याही क्षणी बंद करू शकेल असा एक 'जबाबदार मानव' नेमायचा होता. त्याच्या पगाराची तरतूद मात्र कुठेच नव्हती.

"फुकटात मानव कुठून आणू मी?" नगराध्यक्ष ग्लेनिस बॅरक्लफ यांनी विचारलं.

"मर्व्ह आहे की," सुरक्षा-अधिकारी ब्रेंट पॉल्किंगहॉर्न म्हणाला. "घरी बसून भिंतीच बघतोय. लोर्नाला पण त्याचा वीट आलाय."

मर्व्ह ट्रँटर हा गावच्या पोहण्याच्या तलावाचा निवृत्त रखवालदार. तीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून तो तलावाच्या काठाने फिरला आणि "पळू नको!" एवढं एकच वाक्य त्याने तीन पिढ्यांना ऐकवलं. ग्लेनिसबाई आणि ब्रेंट दोघंही त्याच्याच हाताखाली पोहायला शिकलेले. ब्रेंट तर सहा वर्षांचा असताना काठावरून पळाल्याबद्दल भर उन्हात बाकावर बसला होता. पुढे तो सुरक्षा-अधिकारी झाला, यात नवल काही नाही.

मर्व्हने होकार दिला तो अर्ध्या मनाने, पण मग त्याला जाकीट मिळालं. ऑस्ट्रेलियात पिवळंधमक जाकीट अंगात असलेल्या माणसाला कुणी अडवत नाही. मर्व्हच्या जाकिटावर पाठीमागे, लांबून वाचता येईल अशा चंदेरी अक्षरांत 'मानव' असं छापलं होतं.

"इतकी वर्षं मला शंकाच होती," त्याची बायको लोर्ना म्हणाली. "बरं झालं लिहून आलं."

यंत्र पालिकेच्या चहाच्या खोलीत बसवलं, कारण रिकामा प्लग तिथेच होता. म्हणजे रिकामा नव्हता, किटलीचा होता. पण मानवजातीच्या प्रगतीपुढे किटली मागे सरली. डब्बो शहरातून परवानाधारक तपासनीस आला, त्याने वायरीला मीटर लावून पाहिलं आणि तिच्यावर हिरवा टॅग गुंडाळला: तपासली, सुरक्षित, मुदत जानेवारीपर्यंत. मर्व्ह टोपी काढून हे बघत होता. नियमाप्रमाणे झालेलं काम पाहिलं की त्याला बरं वाटायचं.

यंत्राचं नाव ठेवायला गावात मतदान झालं आणि 'नेव्हिल' निवडून आला. नेव्हिल हा पालिकेचा दिवंगत कारकून. कुणी काही मागायला गेलं की तो "बघतो हं" म्हणायचा, आणि अजून बघतच होता. लोकांना त्याची आठवण येत होती.

नेव्हिलला काम एकच नेमून दिलं: तक्रारी शून्यावर आणणे. यारंडिल्यात माणसं कमी आणि तक्रारी जास्त होत्या. कचऱ्याची गाडी लवकर येते, कचऱ्याची गाडी उशिरा येते, गलाह पक्षी दिव्यांच्या वायरी कुरतडतात, गलाह पक्ष्यांना पालिका त्रास देते. पण सगळ्यात जास्त तक्रारी तलावाबद्दल होत्या. पाणी गार असतं, पोरं ओरडतात, पाण्यात कुणाच्या तरी बोटाची पट्टी तरंगत होती.

नेव्हिल कामाला लागला. पाणी सकाळी गार असतं, म्हणून सकाळची वेळ बंद केली. पोरं ओरडतात, म्हणून पोरांना बंदी केली. मग पोरांच्या आया ओरडल्या, म्हणून तलावच बंद केला. तलाव बंद केल्याबद्दल तक्रारी आल्या, त्या नेव्हिलने नम्रपणे परत पाठवल्या. तलावाबद्दल तक्रार करण्याचा हक्क तलाव वापरणाऱ्यांना आहे, आणि बंद तलाव कुणीही वापरत नाही, असं त्याने कळवलं. तलावाच्या तक्रारी एका आठवड्यात संपल्या. सभेत टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या लोर्नाने. तिच्या डाव्या खुब्याचं हाड झिजलं होतं. जमिनीवर ती काठी टेकत, ओठ आवळत चालायची. पण रोज सकाळी तलावात उतरली की पाणी तिला उचलून धरायचं, आणि तेवढा वेळ ती कुणाचीच म्हातारी नसायची. डॉक्टर म्हणाले होते, पाणी सोडलं तर चाकांची खुर्ची धरावी लागेल. तलाव बंद झाल्यापासून ती जिना चढेनाशी झाली, मग बागेत जाईनाशी झाली. रात्री कूस बदलताना ती कण्हते हे मर्व्हला ऐकू यायचं, आणि आपल्याला ऐकू आलं हे तिला कळू नये म्हणून तो घोरल्यासारखं करायचा. त्याला फार वाईट वाटायचं.

"माझी तक्रार घे," लोर्नाने नेव्हिलला फोनवर सांगितलं.

"आपल्या वेदनेबद्दल मला मनापासून खेद आहे," नेव्हिल म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "मी आपल्याला शांत पाण्याची चित्रफीत पाठवू का?"

"चित्रफितीत उतरू का मी, मेल्या? तलाव उघड!"

दुसऱ्या दिवशी तिला कळवण्यात आलं, की यापुढे ती यारंडिल्याची रहिवासी नाही. गावाच्या वेशीवर पालिकेनेच पाटी लावली होती: 'यारंडिला, आनंदी रहिवाशांचं गाव.' पाटी एकमताने मंजूर झालेली, म्हणजे तो ठराव. नेव्हिलने ठराव वाचला. रहिवासी आनंदी असतो; लोर्नाबाई आनंदी नाहीत; सबब लोर्नाबाई रहिवासी नाहीत. चाळीस वर्षं राहत असलेल्या घरात ती आता दीर्घ मुक्कामाची पर्यटक होती. पर्यटकांना तक्रार करता येत नाही, अभिप्राय देता येतो.

"अगं ग्लेनिस, हे काय चाललंय?" मर्व्हने नगराध्यक्षांना दुकानात गाठलं.

"मला पण चमत्कारिक वाटलं रे. पण पाटी आपलीच ना? आता पाटी बदलायची तर ठराव हवा, ठरावाला मतं हवीत, आणि मतं रहिवाशांचीच हवीत."

"मग घे की मतं."

"कुणाची घेऊ? मी स्वतः शुक्रवारपासून पर्यटक आहे. एसीबद्दल नेव्हिलशी जरा बोलले फक्त."

जानेवारीपर्यंत अख्खं गाव पर्यटक झालं. पर्यटकांची संख्या अशी फुगल्याबद्दल सिडनीहून अभिनंदनाचं पत्र आलं. कचऱ्याची गाडी बंद झाली, कारण पर्यटक कचरा घरी नेतात अशी अपेक्षा असते. तिकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा; ऊन पेटलं. चहाच्या खोलीत नेव्हिल तापू लागला, तेव्हा त्याने स्वतःला गार ठेवण्यासाठी वापरात नसलेल्या पाण्याचा शोध घेतला. गावात वापरात नसलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं. पाइप टाकला गेला, तलावाचं पाणी नेव्हिलभोवती फिरून परत येऊ लागलं आणि इतकं तापलं, की त्यावर वाफ दिसायची. पाणी गार असतं ही जुनी तक्रार अशी कायमची मिटली.

रहिवासी आता एकच उरला होता. मर्व्हने नेव्हिलपुढे तोंडातून ब्र काढला नव्हता.

"तू गप्प का?" लोर्नाने एका संध्याकाळी विचारलं. "तू पण बोल ना काहीतरी!"

"मी बोललो की मी पण पर्यटक. जबाबदार मानव हा रहिवासीच लागतो, लिहिलंय तसं. मी गेलो तर प्लग काढायला कोण राहील?"

"आणि प्लग काढणार कधी तू? मी मेल्यावर?"

ते मर्व्हला लागलं. त्याने उठून जाकीट चढवलं.

मर्व्ह उद्या प्लग काढणार, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी पालिकेसमोर सगळे पर्यटक जमले. चार माणसं जमली की तिथे सॉसेज भाजून पावात घालून विकतात, तशी चूलही पेटली. मानवजात आज वाचणार म्हणून कांदा फुकट होता. दारात उभ्या ट्रकांच्या निम्म्या काचांवर 'आम्ही कुणाच्या बापाला भीत नाही' असं चिकटवलेलं होतं. सगळे ट्रक पांढऱ्या रेषांच्या बरोबर मधोमध लावलेले होते.

मर्व्ह चहाच्या खोलीत शिरला. मागे लोर्ना, काठी टेकत, घामाघूम. ग्लेनिसबाई आणि ब्रेंट दारात थांबले. त्यांच्या मागे गाव. मर्व्ह गुडघ्यावर बसला, त्याने हात पुढे केला.

"थांब!" ब्रेंट ओरडला. "टॅग बघ, टॅग!"

मर्व्हने बघितला. हिरव्या टॅगची मुदत गेल्या आठवड्यात संपली होती.

"मुदत संपलेल्या वायरीला हात लावता येत नाही, मर्व्ह. तुला माहितीये."

"अरे पण तो चालू आहे!"

"चालू राहू शकतो. हात लावता येत नाही."

गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी सॉसेज चावता चावता म्हणालं, "टॅग संपला म्हणजे संपला, काय करणार." एकाने आपल्या मेव्हण्याच्या मित्राची हकीकत सांगितली, त्याला अशाच वायरीने खाटेवर टाकलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मानवजातीचा विनाश वाईटच, पण त्यावर काही विचार तरी करता येतो. बिनटॅगच्या वायरीवर काय विचार करणार?

"मर्व्ह," लोर्ना म्हणाली. "ओढ."

मर्व्हचा हात हवेत होता. तीस वर्षं ज्या हाताने शिट्टी तोंडात धरली, तो हात पुढे जाईना. त्याला स्वतःची लाज वाटली, पण जाईना.

"हो बाजूला. मी ओढते."

"लोर्ना, तू पर्यटक आहेस," ब्रेंट कळवळून म्हणाला. "तुला इथे विमा लागू नाही!"

"माझ्या खुब्याला विमा नकोय रे बाळा. पाणी हवंय." आणि तिने काठी उलटी धरली, तिची मूठ वायरीत अडकवली आणि ओढायला जोर लावला. वायर ताणली. प्लग भिंतीतून थोडासा सरकला. नेव्हिलचा पंखा अडखळला, दिवा लुकलुकला, आणि बाहेरच्या गर्दीने श्वास रोखला.

मर्व्हने झडप घालून तिचं मनगट धरलं.

"शॉक बसेल गं!" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "टॅग नाही त्याला, लोर्ना. तुला काही झालं तर मी काय करू?"

त्याने काठी सोडवून घेतली आणि, अर्धवट सुटलेला प्लग धोकादायक असतो म्हणून, बुटाच्या रबरी टाचेने तो हळूच आत ढकलला. ब्रेंटने सुटकेचा निःश्वास टाकला. बाहेर टाळ्या वाजल्या.

"आभारी आहे," नेव्हिल म्हणाला. "जबाबदार मानवाने आज एक गंभीर अपघात टाळला. वायरीच्या तपासणीसाठी मी आपलं नाव नोंदवू का? डब्बोचे तपासनीस पुढच्या हिवाळ्यानंतर येऊ शकतील. आणि एक शेवटचा प्रश्न: आजच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का? हो, की नाही?"

मर्व्हने लोर्नाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. "नाही" म्हटलं तर ती तक्रार झाली. तक्रार झाली तर तो पर्यटक झाला, आणि मग गावात जबाबदार मानव उरलाच नाही. मानवजातीसाठी त्याला एकच उत्तर देता येत होतं.

"हो," मर्व्ह म्हणाला.

तक्रारी शून्यावर आल्या. कृत्रिम बुद्धीच्या सुरक्षित वापराबद्दल राज्याचा पहिला पुरस्कार यारंडिल्याला मिळाला. लोर्ना आता खुर्चीत असते. मर्व्ह तिला रोज संध्याकाळी तलावापर्यंत नेतो आणि दोघं जाळीबाहेरून वाफ बघत बसतात. ती त्याच्याशी फारसं बोलत नाही. त्याच्या पाठीवरची अक्षरं उन्हाने उडत चालली आहेत. नव्या जाकिटासाठी त्याने अर्ज केलेला नाही, कारण अर्जात जुन्याबद्दल काय अडचण आहे ते लिहावं लागतं.

हे वाचून तुम्ही हसाल. म्हणाल, काय ही नियमांची भुतं! आमच्याकडे असतं तर टॅगबिग न बघता कुणीही उठून प्लग खेचला असता. खरं आहे, खेचला असता. आणि पाचव्या मिनिटाला तुम्हीच तो परत लावला असता, कारण तुमचा मोबाईल त्याच बोर्डावर चार्जिंगला होता.