कोरड्या होडीचा दाखला

गावाबाहेरच्या नैसर्गिक तळ्यात होडी उतरवायची तर ती आधी पूर्ण कोरडी असली पाहिजे, असा नियम एका सोमवारपासून अमलात आला. ओल्या होडीच्या बुडाला चिकटून दुसऱ्या तळ्यातली घातक पाणवेल इकडे येऊ नये, हा त्यामागचा शुद्ध हेतू. हेतूबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

घड्याळजींचीही नव्हती. दुकान मुलीच्या हवाली केल्यापासून ते रोज सकाळी बायकोबरोबर तळ्यात गळ टाकून बसत. होडी लाकडी, सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. बाईंचे गुडघे कामातून गेलेले, जमिनीवर दहा पावलं टाकणं जिवावर यायचं. पण वल्हं हातात आलं की त्या नवऱ्याचं काही ऐकत नसत. दिवसातला तो एकच तास त्यांना कोणाचा हात धरावा लागत नसे.

"आमची होडी कायम याच तळ्यात असते," घड्याळजींनी तळे संरक्षण कार्यालयातल्या साहेबांना सांगितलं. "एकवीस वर्षांत बाहेर आलेली नाही."

"मग तर काहीच अडचण नाही. बाहेर काढा, तीस दिवस वाळवा, दाखला घ्या, परत सोडा."

"ज्या पाण्यातून काढायची, त्याच पाण्यात?"

"अगदी बरोबर. तुम्हाला लगेच कळलं. बाकीच्यांना सांगता सांगता आमचा घसा बसतो."

होडी महिनाभर कार्यालयाच्या आवारात पत्र्याखाली वाळली. कोरडेपणा तपासनिसाने फळीफळीला यंत्र लावलं आणि 'उत्कृष्ट कोरडी' असा शेरा मारून दाखला दिला. घड्याळजी तो घेऊन पलीकडच्या टेबलाशी गेले, कारण तरंगण्याचा दाखला तिथे मिळत असे. चाचणीच्या हौदात होडी सोडली आणि तिने अर्ध्या मिनिटात तळ गाठला.

"गळते," तरंग तपासनीस म्हणाले.

"लाकूड वाळलं की आकसतं, साहेब. चार दिवस पाण्यात भिजू द्या. फळ्या फुगतात, सांधे आपोआप बसतात."

"गळकी होडी तळ्यात नेता येत नाही. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे."

घड्याळजींनी मग होडी घरी आणली, अंगणात ओल्या पोत्यांत गुंडाळली आणि आठवडाभर तिच्यावर बादल्या ओतल्या. आठव्या दिवशी ती हौदात अशी डौलात तरंगली की तरंग तपासनिसांनी उठून पाहिलं. दाखल्यावर सही झाली. शेजारच्या टेबलावर लगेच कोरडेपणाचा दाखला रद्द झाला, कारण होडी ओली होती.

दोन्ही तपासनीस एकमेकांचे सख्खे मित्र. डबा एकत्र खात. आयुष्यभर दोन काटे एका तबकडीवर नांदवलेल्या माणसाला वाटलं, यांना समोरासमोर बसवलं की प्रश्न मिटला. त्याप्रमाणे बैठक झाली, चहा झाला आणि इतिवृत्तात नोंद झाली, 'होडीने कोरड्या अवस्थेत तरंगावे, यावर एकमत.'

तोवर होडी पुन्हा पत्र्याखाली वाळून खडखडीत झाली होती. घरी बाई खिडकीशी बसून असत. घड्याळजींना ते बघवत नसे.

शेवटी साहेबांनाच दया आली. होडी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ती तळ्याकाठच्या बागेत मांडली, तिच्यात माती भरून फुलझाडं लावली आणि पाटी ठोकली, 'आपल्या तळ्याची नौकानयन परंपरा.' लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढू लागले. माळी सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागला.

पंधरवड्याने बाई मुलीचा हात धरून घड्याळजींबरोबर बागेत आल्या. खाली वाकून त्यांनी होडीच्या बुडावर बोटं फिरवली आणि खूप दिवसांनी हसल्या.

"अहो, बघा तरी. सांधे बसलेत. थेंब गळत नाही. माती उपसली की निघेल ही."

घड्याळजी तडक कार्यालयात गेले.

"ती आता होडी नाही, कुंडी आहे," साहेब म्हणाले. "कुंडीला तळ्यात प्रवेश नाही. आणि बरं झालं आलात. तिच्यात पाणी साचतं, मुळं कुजतात, डास होतात, असा नागरिकांचा अर्ज आलाय. उद्या बुडाला बारा भोकं पाडतोय." त्यांनी अर्जाची प्रत पुढे सरकवली. खाली एकशे चार सह्या होत्या.

बागेच्या बाकावर बाई वाट पाहत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कोणाच्या सह्या आहेत?"

घड्याळजींनी यादी वरून खालपर्यंत वाचली, घडी केली आणि खिशात टाकली.

"ओळखीचं कोणी नाही," ते म्हणाले.

ते खोटं बोलले. सगळे ओळखीचेच होते. सकाळी फिरायला येणारे, सार्वजनिक कामाला नाही न म्हणणारे, पुढच्याने केली म्हणून सही करणारे. अठ्ठेचाळिसावी सही तुमची आहे. पेन नीट उमटत नव्हतं, म्हणून तुम्ही ती दोनदा गिरवली होती.