रडारास माणूस ओळखविल्याची हकीकत

पूर्वी मराठे सुरतेस घोड्यांवरून आले आणि दोन वेळा शहर झाडून घेऊन गेले, हे जगास ठाऊक. नंतरचे मराठे भुसावळ पॅसेंजरने आले आणि तेथेच राहिले, त्यांची हकीकत मात्र कोणी लिहिली नाही, सबब ती येथे सादर केली असे. लिहिणारास इनामाची अपेक्षा नाही, चहा मिळाल्यास हरकत नाही.

शके एकोणीसशे अठरा, वैशाख मासी, राजमान्य राजश्री मुकुंदराव, इंजिनियरिंग कॉलेजातील हंगामी अध्यापक, वस्ती पांडेसरा, यांणी रडार नामे यंत्र सिद्ध केले. यंत्राचा घाट ऐसा की पुढे पितळी कर्णा आणि मागे संगणक. कर्ण्यातून न दिसणाऱ्या लहरी सुटाव्या, त्या चालत्या माणसाचे हातापायांवर आपटून परताव्या, आणि त्या परतल्या लहरींचा रंग पाहून संगणकाने पडद्यावर निवाडा द्यावा: माणूस चाले, माणूस धावे, अथवा कोणी नाही. ही विद्या संगणकास उपजत नव्हती. पुष्कळ माणसे चालवून दाखवावी, मग तो आपले आपण शिके. प्राचार्यसाहेबांचे फर्मान होते की बडोद्याहून परीक्षक येतील, त्यांजसमोर यंत्राने माणूस ओळखिला तर मुकुंदरावांची नोकरी कायम, न ओळखिला तर यंत्र अडगळीत आणि मुकुंदराव घरी. सुधाबाईंनी, म्हणजे मुकुंदरावांचे कुटुंबाने, सुरतेचे बिऱ्हाडास नुकते पडदे शिवून लाविले होते. ते उतरवून पुन्हा धुळ्यास सासऱ्यांचे घरी जावे लागेल या धास्तीने मुकुंदरावांस अन्न गोड लागेना.

मग फौजेची तजवीज जाली. सोसायटीतील खानदेशी मंडळींस सांगावा गेला की कॉलेजात यंत्रासमोर चालावयास यावे. आता यंत्रासमोर उभे राहणे म्हणजे फोटो, हे शेंबड्या पोरासही कळते. तेव्हा प्रमिलाबाई, डाइंग मिलमधील छगनरावांच्या पत्नी आणि सोसायटीच्या सरसेनापती, यांणी लग्नातला शालू काढिला आणि त्यांचे पाठोपाठ सर्व बायकांनी अस्सल सुरती जरीचे पदर झळकाविले आणि पुरुषांनी जरीचे फेटे चढविले आणि सर्व थाट कॉलेजाचे दारी दाखल जाला. मुकुंदरावांनी हा फोटो नव्हे म्हणून हात जोडिले. त्यावर प्रमिलाबाईंचा जबाब आला: "नसू दे ना भाऊ, पन मशीन पाही राह्यनं ना? मंग मी जुनं लुगडं नेसीसन कशी येऊ?"

मुकुंदरावांनी यंत्र सुरू केले. फौज चालली, फौज धावली, संगणक शिकला, आणि ऐसा तरबेज जाला की प्रमिलाबाईंचा पदर दाराशी चमकताच 'माणूस चाले' म्हणून ग्वाही देई. मुकुंदराव हर्षे करून स्वतः प्रयोगशाळेत उड्या मारिते जाले. त्या भरात पडद्याकडे पाहावयाचे राहून गेले.

मुक्रर दिवशी परीक्षकांची स्वारी टेरिकॉटचा सफारी लेवून दाखल जाली, आणि दुसऱ्या कोणास नको, आपण जातीने चालून पाहू, ऐसा आग्रह धरिती जाली. साहेब चालले. निवाडा आला: कोणी नाही. साहेब पाय आपटीत चालले. कोणी नाही. मग साहेब इरेस पेटले आणि धावले आणि खिशातील पेने उडाली आणि चष्मा नाकाचे शेंड्यास आला, तरी कोणी नाही. इतक्यात शिपायाने टेबलावरचा पंखा लाविला, तो संगणकाने तत्काळ ललकारी दिली: माणूस धावे! साहेबांचा चेहरा जांभळा जाला. त्यांणी सुनाविले की सारी हयात नोकरीत गेली, घरीदारी बहुतांनी बहुत बोल लाविले, परंतु आपण नाहीच ऐसे तोंडावर कोणी म्हटले नव्हते.

प्राचार्यसाहेब जातीचे सुरती. गरम तव्यावर पाणी शिंपडावे कसे, हे जाणून होते. "अरे साहेब, पहेलां शाल तो ओढो!" म्हणून सत्काराचा जरीचा शेला त्यांणी घाईने आणविला आणि साहेबांचे अंगावर घातला आणि हाती नारळ दिल्हा. साहेब फुरंगटून दाराकडे निघाले, तोच पडदा बोलिला: माणूस चाले! एकच टाळ्या जाल्या. साहेब माघारी फिरले, माणूस चाले. नारळासह धावले, माणूस धावे. मग तर साहेबांस बाळपण आठवले आणि ते शेला फडकावीत टेबलास प्रदक्षिणा घालिते जाले. कागद आणा, आत्ताच सही करितो, ऐसा हुकूम सुटला.

त्या समयी मुकुंदरावांचे डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यंत्र माणूस शिकलेच नव्हते, जरीची धातूची तार शिकले होते, म्हणून पंख्याचे लोखंडी पातेही त्यास माणूस वाटे! आणि त्याहून वाईट आठवले ते ऐसे, की सुधाबाई रोज दुपारी धुवट सुती साडीत डबा घेऊन येत, पडदा म्हणे कोणी नाही, आणि आपण पडद्यावर इमान ठेवून मान वर करीत नव्हतो; डबा मात्र गरम मिळे. सही समोर, नोकरी समोर, नवे पडदे डोळ्यांपुढे, आणि तरी तोंडून निघून गेले: "साहेब, सही करू नका. यानं तुम्हाला नाही, शेल्याला ओळखलंय."

साहेबांनी शेला उतरविला, घडी केली, आणि आज्ञा केली की आपण जेवून येतो, तोवर यंत्रास माणूस शिकवावा, नपेक्षा गाशा गुंडाळावा.

मुकुंदराव धापा टाकीत घरी आले आणि एका दमात सर्व सांगितले. सुधाबाई अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल ऐशा शेगडीपुढे होत्या. त्यांणी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "मग अशीच येते." जिन्यावर प्रमिलाबाईंनी तोंडास पदर लाविला.

"ओ माय! गाऊनवर? कॉलेजमा?"

"गाऊनवरच."

प्रमिलाबाईंनी क्षणभर आपल्या विटक्या लुगड्याकडे पाहिले, मग पिठाचे हात झटकिले आणि सोसायटीस हाळी दिली. लुंगीवाले निघाले, बनियनवाले निघाले, वेणी अर्धी घातलेल्या निघाल्या, आणि साड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या टेम्पोत सर्व फौज कोंबून कॉलेजावर चालून गेली. लेक्चरे ओस पडली. फौज चालली, धावली, हसता हसता भिंतीवर आदळली, आणि संगणक घरघरत नव्याने शिकता जाला.

परीक्षक आमरसाने जड होऊन परतले. शेल्यावाचून चालले. पडदा क्षणभर विचारात पडला, आणि बोलिला: माणूस चाले. मुकुंदरावांनी पंखा लाविला. कोणी नाही. प्रमिलाबाईंनी शिट्टी मारिली, साहेबांनी सही केली आणि खानदेशी फौजेने कॉलेज डोक्यावर घेतले.

या गलबल्यात सुधाबाई कर्ण्यापुढून चालत आल्या. सबब, वैशाख मासी, मुक्काम सुरत, रडाराने सुधाबाईंस ओळखिले आणि मुकुंदरावांनी पडद्याकडे न पाहता त्याचे अगोदर ओळखिले, ही फत्ते कायमची नमूद केली असे.