भोये सरांची गळती

एखाद्यावर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा. पण जे गृहस्थ वर्गात शिरल्यावर आधी भिंतीवरच्या पालीला नमस्कार करत आणि मग मुलांकडे बघत, त्यांच्यावर कुणीतरी लिहायला हवं.

भोये सर आम्हाला मोखाड्याच्या शाळेत नववीला जीवशास्त्र शिकवत. पुस्तकात नसलेला एक धडा ते वर्षभर चालवत : निसर्गाची कॉपी. ‘कॉपीमुक्त शाळा’ या पाटीखाली उभे राहून ते म्हणत, “कॉपी करा. फक्त शेजाऱ्याची नको, तो तुमच्याइतकाच ढ आहे. पालीची करा. ती भिंत सोडत नाही. तुम्ही दिवाळी झाली की शाळा सोडता.”

दिवाळीनंतर निम्मी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जात. सरकारी कागदात त्याला गळती म्हणतात. एकदा वरून तक्ता आला : शाळेतील गळती किती? सरांनी भरलं, “तीन ठिकाणी. एक थेट माझ्या टेबलावर.” छप्पर खरंच गळत होतं. मुख्याध्यापक तापले, “सर, मुलांची गळती विचारलीय.”

“मग मुलं गेली असं विचारा ना. मुलं काय छपरातून पडतात?”

छप्पर काही दुरुस्त होईना. मग सरांनी तोच आम्हाला गृहपाठ दिला. न गळणारी वस्तू आणा, आणि ती कुणाची कॉपी ते सांगा. सगळ्यांनी अळूची पानं आणली. मी आईचं इरलं नेलं. लावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते, बांबूच्या सांगाड्यावर पळसाची पानं लावलेलं. वर्ग हसला.

“कुणाची कॉपी?”

“आईची.”

“आणि आईने कुणाची केली?”

मला येईना. “मग जिला येतं तिला घेऊन ये,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई चपला दाराबाहेर काढून फळ्यापाशी उभी राहिली. सर पहिल्या बाकावर बसले.

“कोंबडी बघा, सर,” आई म्हणाली. “पिसावर पीस हाय तिचा. वरचा पान खालच्यावर आला पायजे, मग पानी आत जात नाय.”

सरांनी ते वहीत उतरवलं आणि मागे वळून आम्हाला म्हणाले, “लिहा. बाईंनी प्रश्न विचारला तर मी एकटाच पास होईन.”

त्याच दिवाळीनंतर मीही गळलो. एका दुपारी भिवंडीकडच्या भट्टीवर सर येऊन उभे. “वारूळ बघायला आलो होतो,” म्हणाले. मग बापाकडे वळले, “दादा, याला न्यायचंय. वसतिगृहात सोय केलीय.”

“एक हात कमी होतो, सर.”

“होतो,” सर म्हणाले. त्यांनी विनोद केला नाही, असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

बापाने हातातली वीट खाली ठेवली. मग त्याने माझी पिशवी उचलून सरांच्या हातात दिली. पुढे मला पाहिलं की सर एवढंच म्हणत, “पाल टिकली वाटतं.”

परवा शाळेच्या शिपाईकाकांचा फोन आला. सर निवृत्त होऊन महिना झाला होता. मला तेव्हा कळलं.

“गावी गेले का?” मी विचारलं.

“गावी कोन हाय त्यांचा? खोली रिकामी केली नि वही घेऊन भट्ट्यांवर गेलेत.”

“कसली वही?”

“गेलेल्या पोरांची. नाव, पाडा, भट्टी. तुझा तेवढा नाव खोडलाय. बाकी सगळी तशीच हायेत.”