तायडेकाकांचं जाड काम

तायडेकाकांच्या घरी कोणी गेलं, की काका आधी पंखा बंद करतात आणि मग "या, बसा" म्हणतात. मे महिना असो, बाहेर ऊन मी म्हणत असो, त्यांना फरक पडत नाही. कूलर तर त्या घरात चालू असलेला मी कधी पाहिलाच नाही. अमरावतीत उन्हाळ्यात पाहुण्यासमोर कूलर न लावणं म्हणजे त्याला "निघा आता" असं सांगणंच. पण काकांच्या मनात तसं काही नसतं.

"वारा चालत नाई मास्तर," ते म्हणतात. "वारा लागला का जोड खराब होते."

काका घरातच टिग वेल्डिंग करतात. त्यात हातातल्या टॉर्चच्या टोकातून एक गॅस सुटतो, तो वितळलेल्या धातूवर पांघरूण घालतो आणि पंख्याच्या वाऱ्यानं हे पांघरूण उडून जातं. त्यांची आणि माझी भिंत एक असल्यामुळे एवढं ज्ञान मला इच्छा नसताना मिळालेलं आहे. एकदा मी म्हटलं, "काका, आत्ता तर मशीन बंद आहे. आत्ता लावा की पंखा." तर म्हणाले, "सवय ऱ्हायली पायजे."

काका सरकारी कचेरीत कारकून होते. "आयुष्यभर कागद हाताळला मास्तर. फुक मारली का उडते. आता मले जाड पायजे," असं म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी हा उद्योग काढला. ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. कापसाचं सगळंच बसलं होतं. जिनिंग बंद, सूतगिरणी बंद, आणि वलगावच्या रस्त्यानं गेलं की बंद कारखान्यांतलं भंगार ढिगानं पडलेलं दिसायचं. लोक ते पाहून हळहळत. काका मात्र एकेका प्लेटवर टिचकी वाजवून बघत आणि खूश होत. सगळ्या वऱ्हाडात त्या काळात खूश असलेला हा एकच माणूस असावा. मशीनही त्यांनी अशाच एका बंद कारखान्यातून आणलं होतं.

आता गंमत अशी, की हे मशीन मुळात नाजूक कामाचं. कोपऱ्यावर ग्रिल-गेटचं दुकान चालवणारे रफीकभाई डोक्याला हात लावून सांगत, "काका, ये पतले काम की मशीन है. मोटे के लिए अपनी सादी वेल्डिंग बस है." काका ऐकून घेत आणि आठ एमेम जाडीची प्लेट टेबलावर ठेवत. मग तिच्या कडा ग्राइंडरनं तिरप्या घासायच्या, गॅसच्या जाळावर ती तापवायची, एक थर द्यायचा, ब्रशनं घासायचा, पुन्हा थर. रफीकभाईंचा माणूस चहा पिता पिता जे करून टाकील, त्याला काकांना अख्खा दिवस लागे. पण जोड मात्र असा सुरेख, की नाणी एकावर एक सरकवून ठेवल्यासारखा दिसे.

"किती एमेम?" हा काकांचा आवडता प्रश्न. कोणी तुटकी खुर्ची घेऊन आलं, की ते पाईप चिमटीत धरून विचारत, "किती एमेम हाय हा? याले लोखंड म्हणता तुमी? पापड हाय." आणि खुर्ची परत. माणसांनाही हेच माप लावत. माझ्या मेहुण्याला भेटून आल्यावर म्हणाले, "माणूस चांगला हाय मास्तर, पण दोन एमेमचा." मी बायकोला हे सांगितलं नाही, पण मला पटलं.

घरासाठी त्यांनी केलेल्या वस्तू पाहण्यासारख्या होत्या. त्यांनी केलेल्या तव्याबद्दल शांताकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या, "सकायी जाळ लावला का संध्याकायी भाकर होते यावर." उंदराचा पिंजरा केला होता, त्याचं दार उंदराला काय, मलाही एका हातानं उचलत नसे. माझ्या क्लासला त्यांनी प्रेमानं एक स्टूल भेट दिलं. चार पोरांनी ते ओढत आणून जिथं सोडलं, तिथंच ते अजून आहे. आम्ही फळा हलवला.

मी गणिताचे क्लास घेतो. राजापेठेत दर तिसऱ्या घरात क्लास असतो, त्यातला एक माझा. त्या दिवसांत लोडशेडिंग असं, की वीज जावयासारखी यायची आणि तिच्या मर्जीनं जायची. ती आली, की बाया मिक्सर लावत आणि काका मशीन. मशीन लागलं, की माझ्या ट्यूबलाइट डोळे मिचकावू लागत आणि पोरं एका सुरात म्हणत, "सर, काकाचं जाड काम सुरू झालं!" मी खडू फेकून भांडायला जायचो. काका पंखा बंद करून "बसा" म्हणायचे. घामानं मी असा काही निथळायचो, की भांडण राहूनच जायचं.

काकांना आवरू शकणारा एकच आवाज होता, तो काकूंचा. ग्राइंडर कितीही किंचाळो, त्यावरून काकू ऐकू यायच्या. "अवो, लाइन गेली का मंग जेवसान काय? भाकर थंडी होऊन राहिली!" हे चौकापर्यंत जायचं. दोन गल्ल्यांपलीकडचे लोकही त्या हाकेवर जेवायला उठायचे.

एका दिवाळीनंतर काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवी बाजू लुळी, डाव्या हाताची बोटं संधिवातानं आधीच आखडलेली, आणि तो आवाज गेलेला. शब्द तोंडातल्या तोंडात अडकायचे. दोनदा प्रयत्न करायच्या आणि मग लाजून गप्प बसायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालल्या नाहीत तर कायमच्या पलंगाला लागतील.

अकोल्याहून लेक आली, मंदाताई. म्हणाली, पलंगापासून न्हाणीपर्यंत आणि पुढं अंगणापर्यंत भिंतीला धरायला रेलिंग लावू, बाजारात तयार मिळते.

"किती एमेम?" काकांनी विचारलं, आणि बाजारातली रेलिंग तिथंच मेली.

मग काकांनी स्वतः रेलिंग केली. आयुष्यातलं सगळ्यात जाड काम. भरीव सळाख, मनगटाएवढी. तिचे जोड करायला पंधरवडा गेला, भिंतीत बसवायला गवंडी लागला. काका त्या रेलिंगला लोंबकळून दाखवत होते. "हत्ती धरीन तरी हालणार नाई!"

काकूंनी हात ठेवला. बोटं सळाखेच्या अर्ध्यावरच थांबली. मूठ मिटेना. त्यांनी पुन्हा धरून पाहिलं, हात घसरला, आणि त्या पलंगावर बसल्या. बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाल्या, "खांब... हाय... हा." आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण त्यानंतर त्या उठेनात. मंदाताई मात्र भडकली. "बाबा, हत्ती नाई धरणार हाय, आई धरणार हाय! तिचा हात तरी पायला काय तुमी?"

 दुसऱ्या दिवशी काका रफीकभाईंच्या दुकानात गेले आणि सगळ्यात पातळ, सगळ्यात बारीक स्टीलचा पाईप मागितला. रफीकभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "काका, तबियत तो ठीक है ना?"

पण काकांचा हात जाड कामाचा. जाडाला वेळ द्यावा लागतो, पातळाला जरा वेळ दिला की भोक. पहिल्या पाईपला भोक, दुसऱ्याला भोक. भिंतीशी भोकं पडलेल्या तुकड्यांची रांग लागली. गल्लीत चेष्टा सुरू झाली, "काकांनी बासऱ्यांचा कारखाना काढला." एरवी काका तुटून पडले असते, आता मान वर करत नव्हते. बारीक कामाला करंट कमी लागतो, त्यामुळे माझ्या ट्यूबलाइट शांत जळत होत्या. पोरांनाच ते सहन होईना. "सर, काका बरे हायेत ना?" एकानं विचारलं. रफीकभाई येऊन म्हणाले, "मैं कर देता हूं, काका. आधे घंटे का काम है."

"तिचा हात हाय," काका म्हणाले. "मीच करतो."

आणि केलं. प्रत्येक जोड घासून डोळे मिटून तळहात फिरवायचे, टोचलं की पुन्हा घासायचे. शेवटी सळाखेच्या जागी पाईप लागला. काकूंची बोटं त्याला पूर्ण वळसा घालून मिटली. त्या धरून उभ्या राहिल्या आणि पाय ओढत न्हाणीच्या दारापर्यंत गेल्या. मंदाताईनं डोळ्यांना पदर लावला. मीही बाहेर जाऊन उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

एक गोष्ट मात्र कोणाला कळली नाही. पाईप अंगणापर्यंत जाऊन थांबला नव्हता. तो पुढं वळून भिंतीतून थेट काकांच्या वर्कशॉपमध्ये, म्हणजे ते वेल्डिंग करत त्या खोलीत, त्यांच्या बैठकीपर्यंत नेला होता. "आई तिथं काय वेल्डिंग कराले जाणार हाय?" मंदाताईनं विचारलं. पाईप उरला असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं.

महिन्याभरानं मी ग्राइंडरची तक्रार घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. पंखा बंद झाला, मी बसलो. काका बोलता बोलता मधेच थांबले. त्यांचा डावा हात पाईपवर होता.

"उठली," ते म्हणाले.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. "कोण?"

"न्हाणीकडं चालली. थांबली... उंबऱ्याशी थांबते थोडी. हं, गेली." मी बघतच राहिलो, तर म्हणाले, "धरून पाहा."

मी पाईप धरला. तळहाताला अगदी हलकी थरथर लागत होती, थांबत होती, पुन्हा लागत होती.

"तिले आता हाक मारता येत नाई ना," काका म्हणाले. "अन् मले ग्राइंडरपाई ऐकू येत नाई. पडली-बिडली तर समजलं पायजे."

थोड्या वेळानं थरथर परतली आणि पलंगाशी थांबली. मग पाईपवर बांगडीचा आवाज आला, दोनदा. "चहा पायजे तिले," काका म्हणाले आणि उठायला लागले. तेवढ्यात आणखी एकदा वाजलं, एकदाच आणि हळू.

"हे काय?" मी विचारलं.

"काई नाई." काका जरा ओशाळले. "चहा-पाणी काई नाई. मी हावो का नाई, तेवढं पाहाते."

त्यांनी हातातली सळई पाईपवर हळूच वाजवली, एकदाच. आतून पुन्हा एकदा वाजलं. मग काका चहा ठेवायला आत गेले, आणि जाताना सबंध वाटभर त्यांचा हात पाईपवरून सरकत होता.