हिरव्या दिवसाचा पट्टा

पहाटेची पूजा आटोपून कांदिवलीच्या सुगंधाबाईंनी नातीची पिशवी उघडली आणि पाहतात तर काय! आत राखाडी पट्टा! नवरात्राचा राखाडी रंग तर काल होता. काल अख्खी बिल्डिंग राखाडी साड्यांत वावरली. नऊ वर्षांची समीक्षासुद्धा जिऊ-जित्सूच्या क्लासला पांढरा पट्टा घेऊन गेली आणि राखाडी बांधून आली. 'सरांना रीत कळते हो,' असं तेव्हा सुगंधाबाईंच्या मनात आलं होतं.

आज हिरवा. आणि आजच पोरीची मुलुंडला पहिलीवहिली स्पर्धा! त्यांनी हिरवं ब्लाउजपीस काढलं, मशीनवर झकास पट्टा शिवला आणि राखाडीच्या जागी ठेवून दिला.

हॉलमध्ये समीक्षाचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ती किंचाळली, "आजी, माझा बेल्ट कुठाय?"

"हा काय! बांध गो लवकर."

पट्ट्याशिवाय मॅटवर सोडत नाहीत. बिचारीने बांधला. क्लासच्या नंदू सरांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"वाट लागली! अहो आजी, ग्रीन तेरा वर्षांच्या आधी मिळतच नाही. व्हाइटनंतर ग्रे, मग यलो, मग ऑरेंज, तेव्हा कुठे ग्रीन. हिला कालच ग्रे दिलाय मी!"

तोवर हॉलभर झालं होतं, 'नऊ वर्षांची ग्रीन बेल्ट आलीय!' समीक्षाशी जिची लढत होती, ती सई आईच्या ओढणीमागे जाऊन लपली.

टेबलामागच्या पंच बाई कडाडल्या, "न कमावलेला बेल्ट घातला तर खेळाडू बाद. कोणी दिला हा?"

"मीच घातला," समीक्षा मान खाली घालून म्हणाली.

सुगंधाबाई पुढे झाल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू, त्यात आज उपास. "नवरात्रात खोटं बोलू नये, बाय. मी शिवला तो, मॅडम. पोरीला बाद करू नका. आज हिरवा आहे ना!"

पंच बाईंनी स्वतःच्या हिरव्या कुर्त्याकडे पाहिलं. शेजारच्या दोघी हिरव्या साड्यांतल्या बायका एकदम कागद चाळायला लागल्या.

"जादा ग्रे बेल्ट आहे का रे कोणाकडे?" बाईंनी खाकरून विचारलं.

बेल्ट मिळाला, लढत लागली. पण सईच्या डोक्यातून ग्रीन काही जाईना. समीक्षाने नुसती कॉलर धरली आणि सईने 'सोड, सोड' म्हणत हार मानून मॅटवर थापा मारल्या. गटात दोघीच, म्हणून थेट गोल्ड मेडल!

सुगंधाबाई देवाला हात जोडणार, इतक्यात समीक्षा सईपाशी गेलेली दिसली.

"ए, मी ग्रीन नाहीये गं. कालचीच ग्रे आहे. घाबरलीस म्हणून हरलीस. परत खेळूया?"

"खरंच ना?" सईने डोळे पुसले.

नंदू सरांनी कोपऱ्यातली रिकामी मॅट दिली. या खेपेला सईने समीक्षाला असं लोळवलं की उठताना तिची वेणी सुटली होती. दोघी खिदळत होत्या. सुगंधाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी शेजारच्या सुंदराबाई दारातूनच ओरडल्या, "गोल्ड मेडल मिळालं म्हणे! दाखव की!"

"असेल कुठेतरी पिशवीत," सुगंधाबाई त्यांना हाताला धरून आत नेत म्हणाल्या. "तू आधी बस. आमची समीक्षा हरली कशी, ते ऐक!"