कंपप्रतिबंधक समिती

या विश्वात स्थिर असं काहीच नाही. म्हणूनच स्थैर्य राखायला समिती नेमावी लागते.

अर्धवाहकाच्या स्फटिकात अणू शिस्तीत रांगा धरून उभे असतात आणि जागच्या जागी थरथरत असतात. त्यांच्याच तालाचा टेराहर्ट्झ प्रकाश (सेकंदाला लाख कोटी आंदोलनं, मोजून पाहायची असल्यास रजा टाकावी) सोडला, की ती थरथर हवी तशी वाढवता किंवा थोपवता येते. आपल्या गोष्टीतली संशोधक चार वर्षं हेच करत होती. प्रबंधाला आता एकच स्वच्छ आलेख हवा होता, तोही शुक्रवारपर्यंत. नंतर यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. आणि तिचे मार्गदर्शक सर रोज टेबलाशी येऊन बसत, तरी आलेखात सेकंदाला पाच हादरे येत होते.

सरांनी तातडीने कंपप्रतिबंधक समिती नेमली. अध्यक्ष अर्थातच सर. समितीने लिफ्ट बंद केली, दारांना फडकी बांधली, जिन्यात अनवाणी चालण्याचा आदेश काढला आणि शिंकेसाठी अर्जाचा नमुना ठरवला (दोन प्रतींत; शिंक आधी आल्यास कारण जोडावे). देखरेखीसाठी समिती प्रयोगाच्या टेबलाला गुडघे टेकवून बसू लागली. हादऱ्यांचा जोर दुप्पट झाला. सदस्य तीनावरून सात केले. जोर चौपट झाला. प्रश्नाचं गांभीर्य समितीला तेव्हा खरं पटलं.

गुरुवारी तिचं पेन टेबलाखाली पडलं. उचलायला वाकली तर खाली चौदा पाय, आणि त्यातले सात बसल्या बसल्या हलत होते (सर्वांत जोरात अध्यक्षांचा).

"सर, पाय हलतायत," ती वर येत म्हणाली.

"कुणाचे?" सर गरजले. "नाव लिहून घ्या त्याचं!"

चार वर्षांचं काम सरांच्याच गुडघ्याला टेकलेलं होतं.

"म्हणजे... हादरे गच्चीवरून येत असावेत, सर. समितीने स्वतः तिथे बसून पाहिलं तर?"

"बघा! पहिल्या दिवसापासून मी काय सांगतोय?"

समिती खुर्च्या घेऊन गच्चीवर गेली. अकरा मिनिटांत आलेख उमटला, धुतल्या तांदळासारखा.

प्रबंधात पहिले आभार समितीचेच आहेत. समिती आता कायमस्वरूपी झाली असून गच्चीच्या कंपाचा अभ्यास करते (तिथे सेकंदाला पाच हादरे आढळले आहेत). अब्जावधी अणू सांगितल्या तालावर थांबतात, एवढं मात्र सिद्ध झालं.

तेव्हा हे बसून वाचत असाल, तर आता तरी तो पाय थांबवा.