बिल्किसभाभींचा गेमिंग कॉम्प्युटर (विचाराधीन)

वस्तू विकत घेणे ही किरकोळ घटना आहे. वस्तू घ्यावी की न घ्यावी याचा विचार करणे ही मात्र संस्था आहे. घटना पाच मिनिटांत उरकते. संस्थेला अध्यक्ष लागतो, चहा लागतो आणि विरोधी मत नोंदवणारा निदान एक इसम लागतो. मी स्वतः एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत सगळी नोकरी काढली. त्या काळात आमच्याकडे एकही वस्तू घाईने घेतली गेली नाही. छताच्या पंख्यांचा विचार तर माझ्या निवृत्तीनंतरही चालू आहे आणि तिथली तरुण मंडळी फायलीने वारा घेत तो पुढे नेत आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

त्यामुळे आमच्या शेजारच्या बिल्किसभाभींनी गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचे मनात आणले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे येणे क्रमप्राप्तच होते. (प्रत्यक्षात त्या विळी परत द्यायला आल्या होत्या. विषय मी काढून घेतला.)

भाभी साठीला टेकल्या आहेत. त्यांनी आयुष्यात खेळलेला शेवटचा खेळ म्हणजे सागरगोटे. मग हा कॉम्प्युटर कशाला? तर त्यांचा मुलगा रेहान कतारमध्ये, दोह्याला एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. त्याचा फोन रोज येतो आणि त्याचा मसुदा कित्येक वर्षांत बदललेला नाही.

"जेवलास काय रे?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

"तेच. ठेवू अम्मी?"

मागच्या सुट्टीत मात्र तो लॅपटॉप घेऊन आला आणि कानाला यंत्र लावून रोज संध्याकाळी भोपाळच्या कुणा मुलाशी खेळत बसला. त्या मुलाला त्याने कधी पाहिलेले नाही. भाभी दाराशी भाजी निवडत ऐकायच्या. "भाई, मागे बघ. भाई, मी आहे ना. भाई, आज आवाज का बसलाय तुझा?"

"त्या भोपाळवाल्याचा आवाज बसलेला कळतो त्याला," भाभी मला म्हणाल्या. "मला दोन दिवस ताप होता, तो नाय कळला. मला पण तिकडंच जायचंय भाऊ, त्या खेळात. तिथं बोलेल तो माझ्याशी."

मागणी रास्त होती. तो खेळ साध्या मोबाईलवर चालत नसल्यामुळे वस्तूची गरजही सिद्ध होत होती. मी तात्काळ समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. भाभींचे यजमान हाशिमभाई, जे जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते आणि आता घरात आहेत, ते विरोधी मताचे सदस्य. रेहान तांत्रिक सल्लागार (दूरस्थ). भाभी अर्जदार असल्यामुळे त्यांना मत नव्हते. चहा त्यांच्याकडे होता.

पहिल्या बैठकीत आम्ही वस्तूची व्याख्या निश्चित केली. कॉम्प्युटर 'मध्यम दर्जाचा' असावा, म्हणजे ज्याला पाहून नातेवाईक "एवढा महाग?" म्हणतील आणि त्यांची मुले "एवढा स्वस्त?" म्हणतील. आणि तो 'तयार' असावा, म्हणजे दुकानातूनच जोडून आलेला. या दुसऱ्या कलमावर हाशिमभाईंनी सभात्याग केला. (ते ओटीवरून पडवीत गेले.) त्यांच्या घराण्यात तयार होडी कुणी घेतलेली नाही.

"लाकूड आपण बघायचं, खिळा आपल्यासमोर ठोकायचा," ते पडवीतून म्हणाले. "आत काय भरलंय, बघितलंय कोणी?"

मग तांत्रिक सल्लागाराला फोन लावण्यात आला. भाभींनी मी लिहून दिलेला प्रश्न वाचला. "रेहान, सोळा जीबी बरा, की बत्तीस?"

दोह्याहून आधी "अम्मी, तुला कशाला?" असे एकदा विचारून झाले. आणि मग तो मुलगा बोलायला लागला. सोळात काय होते, बत्तीसात काय होते, मित्राने आठच घेतले आणि कसा पस्तावला, ग्राफिक्स कार्ड चांगले नसेल तर बाकी सगळे कसे पाण्यात, हे तो सांगत राहिला. चुलीवरचा भात करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला. भाभींना तो आला नसावा. त्या फोन दोन्ही हातांनी धरून "मग?" एवढेच म्हणत होत्या.

त्यानंतर समितीने मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात प्रत्यक्ष पाहणी केली. दुकानदार संदेश हा सज्जन तरुण आहे आणि त्याने जे सोसले त्याबद्दल समिती त्याची ऋणी आहे. कॉम्प्युटरच्या पेटीला एका बाजूने काच होती. जो मासेवाला आपणहून कल्ले उघडून दाखवतो त्याच्यापासून लांब राहावे, असे हाशिमभाईंचे मत आहे. तरीही ते वाकले. आत लाल दिवा होता.

"कल्ले तर लाल हायत," ते नाखुशीने म्हणाले.

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. मग जांभळा.

"चाचा, ते शोभेला असतं," संदेश म्हणाला.

"जांभळे कल्ले शोभेला?" हाशिमभाई म्हणाले आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. (अहवालात मी 'मालाच्या ताजेपणाबद्दल साशंकता' अशी नोंद घेतली.)

या साशंकतेवर अर्थातच सल्लागाराचे मत मागवावे लागले. तिथून पुढे रोजच मागवावे लागले. इथे मला खेदाने नमूद केले पाहिजे की या फोनांत विषयांतराचे प्रमाण चिंताजनक होते. माझ्या अंदाजाने सत्तर टक्के. प्रोसेसर तापतो का, असे विचारले तर रेहान म्हणाला की तापतो, पण त्याच्या खोलीइतका नाही. दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करणाऱ्या मुलांच्या खोलीतला एसी बंद आहे. पंख्यांचा आवाज फार होतो का, यावर त्याने सांगितले की खोलीतला जोडीदार कायमचा गावी गेला आणि आता काही आवाज नसला की झोपच येत नाही. वीज गेली तर काय, या साध्या प्रश्नावर तो रमजानातल्या तापाबद्दल बोलला. चार दिवस अंथरुणात होता आणि रोज "जेवलो" म्हणून सांगत होता.

हे सर्व मी कामकाजातून वगळले. भाभी मात्र नेमक्या याच मुद्द्यांवर पुन्हा पुन्हा खुलासा मागत. मला मान्य केले पाहिजे की इतकी चिकित्सक अर्जदार मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही.

आणि मग ज्याची प्रत्येक समितीला भीती असते तेच घडले. एकमत झाले. हाशिमभाई एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "घेऊन टाकूया. पोराला बरं वाटेल." त्यांनी परस्पर दुकानात फोनही करून टाकला. दुपारी संदेश स्वतः रिक्षातून खोका घेऊन दारात हजर झाला.

भाभी उंबऱ्यात आल्या. खोक्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा, आपल्याच दारात कुणी चुकून वरात आणावी, तसा झाला.

"खाऱ्या हवेत ग्राफिक्स कार्ड गंजतं काय रे?" त्यांनी विचारले.

संदेशने खोका खाली ठेवला. "काकू, आख्खी रत्नागिरी वापरते ओ. घ्यायचाय की नाय?"

"घ्यायचाय. पण विचारून सांगते."

खोका परत गेला. हाशिमभाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. खाऱ्या हवेचा मुद्दा इतके महिने आमच्यापैकी कुणालाच कसा सुचला नाही, याची मला लाज वाटली. मी स्वयंपाकघरात जाऊन भाभींचे अभिनंदन केले आणि आता मागणीत आणखी काय राहिले, ते विचारले. त्या कोलंबी सोलत होत्या.

"त्या खेळात मी गेले तर पयल्याच मिनिटाला मरणार, रेहानच बोलला. मेलं की गप बाहेर बसायचं," त्या म्हणाल्या. मग हात थांबवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि कॉम्प्युटर घरात आला, तर उद्या रेहानला विचारू काय भाऊ?"

खरेदीच्या नियमावलीत याला उत्तर नाही. मी पडवीत येऊन बसलो.

मला खरी काळजी सल्लागाराची होती. मुलगा हुशार आहे. ग्राफिक्स कार्ड गंजत नाही, घेऊन टाक, असे एका वाक्यात सांगून त्याने सारे संपवले असते. संध्याकाळी फोन आला. भाभींनी प्रश्न विचारला. त्याने तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मग रेहान म्हणाला, "हा पॉइंट बरोबर हाय तुझा अम्मी. माहिती काढायला लागेल. आणि ऐक, इतक्यात घेऊ नको. नवीन मॉडेल येतंय."

"कधी येतंय?"

"बघतो ना मी. उद्या सांगतो."

भाभींनी पदराने डोळे पुसले. (कोलंबीचे हात लागले असतील.) "बरं," त्या म्हणाल्या, "तुझा एसी झाला काय नीट?" आणि मी उठून घरी आलो, कारण पुढचे सर्व विषयांतर होते.

तांत्रिक सल्लागाराच्या शिफारशीनुसार विषय विचाराधीन ठेवण्यात आला आहे. दुसरा पावसाळा उलटला, चांगली तीन मॉडेले येऊन गेली. कॉम्प्युटर नाही. समितीचा कारभार समाधानकारक आहे.

एवढा वेळ लागतो होय, असे म्हणून तुम्ही हसत असाल. हसणारच, तुम्ही कार्यक्षम माणसे. मागल्या महिन्यात तुमच्या आईने तुम्हाला फोन करून विचारले होते, मिक्सर कुठला घेऊ? तुम्ही मीटिंगमध्ये होता. तरी अर्ध्या मिनिटात सगळ्यांत चांगला मिक्सर शोधलात, तिच्या पत्त्यावर मागवलात आणि पैसेही भरून टाकलेत. दुसऱ्या दिवशी तो आला. चांगला चालतो, चटणी बारीक होते, असे तिने लिहून कळवले. त्यावर तुम्ही अंगठा पाठवलात.